'कशावरून?' हा प्रश्न वर्गात टिकवू या

पुढचा छोटा उतारा चौथीच्या वर्गात वाचून दाखवा.

"सखूने तिन्ही पोरांना वाढलं. 'आई, तू?' धाकट्याने विचारलं. 'मला भूक नाही रे,' ती म्हणाली. टोपल्यातलं फडकं झटकून तिने घडी घालून ठेवलं आणि ती तांब्याभर पाणी प्यायली."

मग विचारा, सखूने किती पोरांना वाढलं? ती काय प्यायली? भराभर हात वर येतील आणि उत्तरं बरोबर असतील. तरीही त्यातल्या कित्येक मुलांना हे कळलेलं नसेल की त्या दिवशी घरात भाकरी पुरली नाही, आईला भूक होती आणि ती तिने पोरांपासून लपवली. उताऱ्यात 'भाकरी' हा शब्दही नाही. 'उपाशी' नाही, 'गरीब' नाही. सांगायचं होतं ते सगळं न लिहिलेल्या जागेत आहे. मुलाला तिथवर घेऊन जाणं हे मराठीच्या तासाचं मुख्य काम. तेच काम आज तासातून हळूहळू निसटत चाललं आहे. ते परत आणायचं आहे आणि त्यासाठी तुमची सगळ्यांची मदत हवी आहे.

मुलाला तिथवर न्यायला फार साधनं लागत नाहीत. "सखू का जेवली नाही?" असं विचारा. एखादा म्हणेल, "बाई, तिचा उपवास असेल." त्याला चूक ठरवू नका. विचारा, कशावरून? "ती नुसतं पाणी प्यायली म्हणून." ठीक, पुरावा दिला त्याने. मग मागच्या बाकावरची मुलगी म्हणेल, "उपवास असता तर धाकट्याला माहीत असतं, त्याने विचारलंच नसतं." आणखी एक जण फडक्यावर बोट ठेवेल: "भाकऱ्या उरल्या असत्या तर फडक्याने झाकून ठेवल्या असत्या. घडी घातली म्हणजे टोपलं रिकामं झालं." आता वर्ग गप्प होईल, कारण सखू खोटं का बोलली हे सगळ्यांना एकदम उमगलेलं असेल. बाईंनी ते सांगितलेलं नाही. मुलांनी ते शोधलं आहे.

फडक्याचा अर्थ लावणाऱ्या त्या मुलाकडे जरा थांबून पाहायला हवं. ते ज्ञान पुस्तकातलं नव्हतं, चुलीजवळ बसून मिळालेलं होतं. ज्याच्या घरी पोळ्या डब्यात असतात त्याला तो दुवा सापडला नसता. त्याला तो या मुलाने दिला. श्रीवर्धनच्या मुलाला भरती-ओहोटीच्या उताऱ्यातली न लिहिलेली भीती कळेल, लातूरच्या मुलाला टँकरच्या रांगेतली. न लिहिलेलं वाचायचं तर मजकुरातला पुरावा आणि आपल्या जगण्यातलं ज्ञान यांची सांगड घालावी लागते. म्हणून ज्या मुलांना आपण 'कच्ची' म्हणून मागे बसवतो, त्यांच्याजवळ अनेकदा वर्गाला हवा असलेला दुवा असतो. विचारलं तरच तो बाहेर येतो.

हे आपल्याला परकंही नाही. न्यायदर्शनाने अनुमानाची पाच अंगं सांगितली. त्यात आधी प्रतिज्ञा, डोंगरावर आग आहे. आणि लगेच हेतू, कारण तिथे धूर आहे. म्हणजे विधान केलं की 'कशावरून' याचं उत्तर तिथल्या तिथे द्यायचं. इतक्या जुन्या परंपरेचे आपण वारस, आणि आपली मुलं मात्र उताऱ्यातला शब्द उचलून रिकाम्या जागेत भरत आहेत.

असं का झालं? दहावीच्या मराठीला २०१९च्या परीक्षेपासून प्रश्नपत्रिकेऐवजी कृतिपत्रिका आली. घोकंपट्टी थांबावी, मुलांनी स्वतः विचार करावा, हा त्यामागचा चांगला हेतू. तिच्यात अपठित गद्य आहे, 'स्वमत' आहे. पण चौकट पूर्ण करा, आकृतिबंध पूर्ण करा अशा अनेक कृती उताऱ्यातला शब्द जसाच्या तसा उतरवला की सुटतात. आणि स्वमताची उत्तरं गाईडमध्ये छापून मिळतात. पंधरा वर्षांच्या मुलीला स्वतःचं मत पाठ करून यावं लागतं, याचं आपल्याला मनापासून वाईट वाटलं पाहिजे.

खालच्या इयत्तांत वेगळी अडचण आहे. २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द अर्थ समजून वाचावेत, असं उद्दिष्ट आहे. 'अर्थ समजून' हे दोन शब्द त्यात स्पष्ट लिहिले आहेत. पण ६० शब्द घड्याळ लावून मोजता येतात. अर्थ समजला का हे पाहायला मुलाजवळ बसावं लागतं, त्याच्याशी बोलावं लागतं. दोन इयत्ता एकत्र सांभाळणाऱ्या, वरून निवडणुकीची कामं आणि ऑनलाइन माहिती भरत बसणाऱ्या शिक्षकाकडे तो वेळ कुठून येणार? मग जे मोजता येतं तेवढंच उरतं. मुलं घडाघडा वाचतात, पाहुण्यांसमोर छान वाचून दाखवतात आणि आपण समाधानी होतो. अस्खलित वाचन हवंच, त्याशिवाय पुढचं काहीच होत नाही. पण तिथेच थांबलो तर मूल दारातून परत जाईल.

नुसत्या वेगाने समज येत नाही, हे तपासून पाहिलेलं आहे. ब्रिटनमध्ये निकोला युइल आणि जेन ओकहिल यांनी सात-आठ वर्षांच्या मुलांबरोबर केलेलं काम १९८८ मध्ये प्रसिद्ध झालं. ही मुलं शब्द नीट वाचत होती, पण त्यांना अर्थ लागत नव्हता. काहींना भराभर शब्द वाचायचा सराव दिला. काहींना शब्दांतल्या खुणांवरून काय घडलं असेल ते ओळखायला, स्वतः प्रश्न तयार करायला शिकवलं. मोजक्याच तासिकांत दुसऱ्या गटाची समज पहिल्यापेक्षा खूप पुढे गेली. म्हणजे ही काही जन्मजात हुशारी नव्हे. ती शिकवता येते, आणि ज्यांना ती येत नाही त्यांनाच शिकवण्याचा सर्वांत जास्त फायदा होतो.

महाराष्ट्रातही या वाटेने चाललेली माणसं आहेत. कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी 'सृजन आनंद'मध्ये शिकणं मुलांच्या अनुभवांना जोडून दाखवलं. पालघर जिल्ह्यात 'क्वेस्ट' संस्थेचे तरुण कलाकार 'गोष्टरंग'मधून आश्रमशाळांतल्या मुलांसमोर गोष्टी सादर करतात आणि त्यांना पुस्तकांपर्यंत आणतात. पण जिल्हा परिषदेच्या हजारो शाळांत हे पोचायचं तर एखाद्या संस्थेकडे बोट दाखवून चालणार नाही.

शाळेबाहेर याची गरज रोज पडते. 'आज रात्री ९.३० वाजता तुमची वीज तोडली जाईल, ताबडतोब या नंबरवर फोन करा' असा मेसेज कित्येकांना आला आणि त्यातल्या अनेकांनी पैसे गमावले. मेसेज सगळ्यांना वाचता येत होता. वीज कंपनी खासगी मोबाइल नंबरवर फोन करायला का सांगेल, रात्रीचीच घाई का, हा प्रश्न ज्यांना पडला ते वाचले. कर्जाचा करार, औषधावरची सूचना, निवडणुकीतला जाहीरनामा, प्रत्येक ठिकाणी न लिहिलेलं वाचता न येणारा माणूस दुसऱ्याच्या हातात असतो.

म्हणून शिक्षकांना विनंती: आठवड्यातून एक तास, एकच छोटा उतारा आणि एकच प्रश्न. उत्तर फळ्यावर लिहून देऊ नका, मुलांना वाद घालू द्या. केंद्राच्या पुढच्या शिक्षण परिषदेत असा एक तास एकमेकांसमोर घेऊन दाखवा, चांगले उतारे एकमेकांना द्या. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन आपण सगळेच साजरा करतो. या वर्षी त्या दिवशी पुस्तकांसोबतच्या फोटोइतकाच वेळ एका गोष्टीवरच्या गप्पांना द्या.

पालकांना विनंती: रात्री गोष्ट सांगताना मध्येच थांबा. "आता तो काय करेल? कशावरून?" एवढंच विचारा. अक्षरओळख नसलेल्या आजीलाही हे जमतं. कोडी घालताना ती हेच करत आली आहे. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मुलांना गाईडमधली उत्तरं उतरवून दिली जातात का, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. तो बजावा. पण शिक्षकांवरची शाळाबाह्य कामं कमी करा, ही मागणीही त्याच बैठकीत ठरावाने करा.

आणि प्रथम सत्राचा मराठीचा पेपर काढायला बसाल तेव्हा एक तरी प्रश्न असा घाला ज्याचं उत्तर उताऱ्यात कुठेही लिहिलेलं नसेल आणि ज्याला 'कशावरून' ही पुढची ओळ असेल. तपासताना मुलाचं अनुमान तुमच्यापेक्षा वेगळं निघालं, पण पुराव्याला धरून असलं, तर पूर्ण गुण द्या आणि ते उत्तर दुसऱ्या दिवशी वर्गात वाचून दाखवा.