फोन बदलला, गोळीचे काय?

सणाला किंवा वाढदिवसाला मुले आई-वडिलांच्या हाती नवा फोन ठेवतात. अँड्रॉइड जाऊन आयफोन येतो. कधी उलटही घडते. छायाचित्रे आणि दूरध्वनी क्रमांक नव्या फोनवर उतरले की काम संपले, असे घरात सर्वांना वाटते. वैद्यकीय दृष्टीने काळजीचे दिवस तेथून सुरू होतात.

अँड्रॉइडवरून आयफोनवर येताना 'मूव्ह टू आयओएस' हे ॲप संपर्क, संदेश, छायाचित्रे, दिनदर्शिका आणते. घड्याळात लावलेले गजर मात्र आणत नाही. आणि जो गजर वाजलाच नाही, तो वाजला नाही हे कोणाच्या लक्षात येणार?

माझ्याकडे येणारे एक्काहत्तर वर्षांचे एक करसल्लागार आजही रोज चार तास काम करतात. हृदयाचे ठोके अनियमित असल्याने त्यांना रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दिवसातून दोन वेळा गोळी आहे. सकाळची चहानंतर सवयीने घेतली जाते. रात्रीची फोनच्या गजरावर अवलंबून होती. अशिलांची सारी कामे नव्या फोनवर सुरळीत चालू झाली आणि रात्रीची गोळी आठ दिवस राहून गेली. सुनेने पाकिटातील उरलेल्या गोळ्या मोजल्या, म्हणून ते कळले. या औषधात खंड पडल्यास पक्षाघाताचा धोका वाढतो. त्यांच्यावरचा प्रसंग टळला. राहिलेली मात्रा भरून काढण्यासाठी दुप्पट गोळी घेऊ नये, डॉक्टरांना विचारावे.

म्हणून फोन बदलण्याआधी जुन्या फोनवरील सर्व गजर वेळांसह कागदावर उतरवा. तो कागद समोर ठेवून नव्या फोनवर गजर लावा आणि पहिल्या दिवशी प्रत्येक गजर आजोबांना झोपण्याच्या खोलीत ऐकू येतो का, ते पाहा. आयफोनच्या 'हेल्थ' ॲपमध्ये औषधांची आठवण लावता येते. तेथेच 'मेडिकल आयडी' आहे. त्यात आजार, ॲलर्जी, चालू औषधे आणि घरच्यांचा क्रमांक भरा. कुलूपबंद पडद्यावरून तो दिसावा ही सोय चालू करा. रुग्ण बेशुद्ध असेल तर हीच माहिती आम्हांला उपयोगी पडते. जुन्या अँड्रॉइडवर भरलेली अशी माहिती आपोआप नव्या फोनवर येईल, असे धरून चालू नका.

श्रवणयंत्र किंवा साखर मोजणारा दंडावरील सेन्सर वापरत असाल, तर तो नव्या फोनशी जुळतो का हे खरेदीपूर्वीच विचारा. काही सेन्सर ज्या फोनवर सुरू केले त्याच्याशीच बांधलेले असतात. अशा वेळी चालू सेन्सर संपेपर्यंत थांबणे बरे.

हाताची सवयही सांभाळावी लागते. अनेक अँड्रॉइड फोनांवर तळाशी मागे जाण्याची खूण असते, आयफोनवर ती नसते. वर्षानुवर्षे तेथेच जाणारे बोट अडखळले की माणूस खजील होतो आणि फोन बाजूला ठेवतो. त्याला विसरभोळेपणा म्हणण्याची घाई करू नका. अक्षरे मोठी करून द्या, ११२ला फोन कसा लावायचा हे त्यांच्याच हातून दोनदा करून घ्या.

जुना फोन लगेच विकू नका. सिमकार्ड काढले तरी त्यावरचा गजर वाजतो. महिनाभर तो चार्ज करून औषधांच्या डब्याशेजारी ठेवा.