बचतीचे आयुर्मान

नैसर्गिक वायूचे वितरण करणाऱ्या कंपन्यांवर ऊर्जाबचतीचे बंधन घालण्याचा प्रश्न जेथे उपस्थित होतो, तेथे चर्चा बहुधा लक्ष्याच्या टक्क्यांभोवतीच घोटाळत राहते. वास्तविक ती बचत कोणत्या मापाने जमेस धरावयाची, हा प्रश्न आम्हांस अधिक मूलगामी वाटतो.

अमेरिकेतील मिनेसोटा राज्याने 2007 च्या कायद्यान्वये वीज व वायू कंपन्यांना वार्षिक विक्रीच्या 1.5 टक्के बचतीचे उद्दिष्ट नेमून दिले, आणि 2021 च्या सुधारणेने वायूपुरते ते 1 टक्क्यावर आणले. हिवाळा कडक असला की भट्ट्या अधिक पेटतात, सौम्य असला की कमी. म्हणून हवामानाचा फरक वजा करून तीन वर्षांच्या विक्रीची सरासरी आधारास घ्यावी, ही त्यातील तरतूद निःसंशय विवेकाची आहे. परंतु उद्दिष्टाच्या पूर्ततेत मोजली जाते ती उपायाच्या पहिल्या वर्षाची बचत. त्यामुळे काही वर्षांत बदलावा लागणारा स्नानाचा फवारा आणि अनेक दशके टिकणारे भिंतीचे उष्णतारोधक अस्तर यांनी पहिल्या वर्षी सारखाच वायू वाचविला, तर दोहोंचे मोल सारखेच ठरते, आणि कंपनीचा व्यवस्थापक साहजिकच स्वस्त व अल्पजीवी उपायाकडे वळतो.

इटलीत 2005 पासून वायू वितरकांवर असेच बंधन आहे. तेथील नियामकाने 2011 मध्ये बचतीची प्रमाणपत्रे देताना उपायाच्या आयुर्मानाचा गुणक लागू केला, आणि 2017 च्या नियमांत तो रद्द झाला. त्या गुणकाने उपायाच्या आयुष्यभराची बचत आरंभीच्या थोड्या वर्षांतच पदरात टाकण्याची पद्धत सदोष होती, हे मान्यच. मात्र आयुर्मान मोजण्याचे तत्त्व त्यामुळे खोटे ठरत नाही.

मात्र माप सुधारले तरी तेवढ्याने भागत नाही; विक्री घटली की ज्याचे उत्पन्न घटते, त्याच्याकडून मनापासून बचतीची अपेक्षा करणे अन्यायाचे होय. कॅलिफोर्नियाने 1978 मध्येच वायू कंपन्यांचे मंजूर उत्पन्न विक्रीच्या परिमाणापासून अलग केले, ते याच कारणास्तव.

महाराष्ट्रात घरे उबविण्याकरिता वायू जळत नाही. येथे बचतीस खरा वाव आहे तो कारखान्यांच्या बॉयलरांत व भट्ट्यांत. 2006 च्या कायद्याने स्थापन झालेल्या पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळाने उद्या असे लक्ष्य ठरविल्यास आधारभूत आकडे आयत्या वेळी जुळविण्याची पाळी येऊ नये, यासाठी वितरण कंपन्यांतील अभियंत्यांनी औद्योगिक ग्राहकांचा वायूचा खप, त्यांच्या उत्पादनाच्या परिमाणासह व प्रत्येक यंत्राच्या उर्वरित आयुष्यासह, आजपासूनच दप्तरी नोंदवून ठेवावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.