वाक्यात उपयोग करा!

आपल्या बेटावरील एस.सी. व एच.एस.सी. परीक्षा केंब्रिजशी जोडलेल्या आहेत आणि त्यांत मराठी हाही एक विषय आहे. परीक्षा जवळ आली की घरोघरी घोष सुरू होतो, ‘शब्दार्थ पाठ करा!’ मुले वह्याच्या वह्या घोकतात. पण ‘वाक्यात उपयोग करा’ म्हटले की लिहितात, ‘मी कौतुक पाहिले.’ कौतुकाच्या जागी झाड घातले तरी हे वाक्य उभे राहते. मग शब्द समजला कशावरून? ‘पुरणपोळी खाऊन पाहुण्यांनी आजीचे कौतुक केले’ असे लिहिले, की कोणी, कोणाचे, कशासाठी हे सारे कळते.

आपल्या मुलांची आणखी एक अडचण आहे. घरात क्रेओल, शाळेत इंग्रजी व फ्रेंच, पडद्यावर हिंदी. हिंदी व मराठीचे पुष्कळ शब्द दिसायला जुळे भाऊ, पण स्वभावाने निराळे. हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, मराठीत दंड. ‘शिक्षा घेण्यासाठी मी शाळेत जातो’ असे मुलाने लिहिले तर हसावे की रडावे? हिंदीतील ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न, आपली चेष्टा म्हणजे थट्टा. हा फरक यादी घोकून ध्यानात राहत नाही, वाक्यातूनच राहतो.

खुद्द केंब्रिजचेच उदाहरण पाहा. १८९९ साली रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे तेथील गणिताच्या परीक्षेत ‘सीनियर रँग्लर’ झाले. इंग्रजीत ‘रँग्लर’चा एक अर्थ हुज्जत घालणारा असा आहे, केंब्रिजमध्ये मात्र गणितात पहिला वर्ग मिळवणारा. महाराष्ट्राने तो शब्द बिरुद म्हणून त्यांच्या नावाला जोडला. नुसता कोश उघडून बसलो असतो, तर ‘हुज्जतखोर परांजपे’ म्हणायची पाळी आली असती!

म्हणून पालकांना व शिक्षकबंधुभगिनींना विनंती आहे. रोज वीस शब्द घोकून घेण्यापेक्षा तीनच द्या. त्यांची वाक्ये मुलाने स्वतःच्या घरातली, शेजारातली, गणेशचतुर्थीच्या तयारीतली करावीत. मग विचारा, ‘या जागी दुसरा कोणताही शब्द चालेल का?’ चालत नसेल, तर तो शब्द मुलाचा झाला. तेच वाक्य त्याला आजी-आजोबांपुढे बोलू द्या. परीक्षेचे गुण एकदाच मिळतात. पण जी भाषा वहीतच राहते, ती परीक्षेनंतर वहीबरोबरच माळ्यावर जाते.