अ‍ॅस्पिरिनचा इतिहास दुष्परिणामांच्या बाजूने वाचताना (थ्रेड)

१/ अ‍ॅस्पिरिनची कथा सहसा अशी सांगितली जाते: फेलिक्स हॉफमन हा तरुण जर्मन रसायनतज्ज्ञ, संधिवाताने जर्जर झालेले त्याचे वडील आणि पुत्रप्रेमातून जन्मलेली पांढरी गोळी. कथा गोड आहे, आणि गोड कथा इतिहासाच्या विद्यार्थ्याने दोनदा तपासावी. माझ्या मते हे औषध समजून घ्यायचे, तर संशोधकांच्या नामावळीपेक्षा त्याच्या दुष्परिणामांचा मागोवा अधिक उपयोगी पडतो.

२/ १७६३ साली ऑक्सफर्डशायरमधील एडवर्ड स्टोन या धर्मोपदेशकाचे पत्र रॉयल सोसायटीपुढे आले. विलोची साल (आपल्याकडचा वाळुंज याच कुळातला) त्याने चाखली, तेव्हा ती सिंकोनाच्या सालीसारखी कडू लागली. ती वाळवून, कुटून त्याने सुमारे ५० ज्वरग्रस्तांना दिली. त्याचा तर्क असा, की हिवताप दलदलीच्या प्रदेशात होतो आणि विलोही तेथेच वाढतो. म्हणजे रोगाचा उतारा रोगाच्या शेजारीच असणार. तर्क पूर्णपणे फसवा, पण ताप उतरल्याचे निरीक्षण खरे! (छापताना सोसायटीने बिचाऱ्याचे नाव ‘एडमंड’ करून टाकले.)

३/ १९व्या शतकात कारखान्यात सॅलिसिलिक आम्ल तयार होऊ लागले आणि संधिवाताच्या रुग्णांना ते मोठ्या मात्रेत दिले जाऊ लागले. वेदना शमत; पण पोटात आग पडे, मळमळे, कानांत सतत नाद घुमे. अ‍ॅस्पिरिनचा जन्म झाला तो हा त्रास कमी करण्याच्या खटपटीतून.

४/ १० ऑगस्ट १८९७ रोजी बायर कंपनीत हॉफमनने शुद्ध अ‍ॅसिटिल सॅलिसिलिक आम्ल तयार केल्याची नोंद आहे. त्याच महिन्यात त्याने आणखी एक पदार्थ बनवला: हेरॉइन. औषधांची पारख करणारे हाइनरिश ड्रेझर यांना अ‍ॅस्पिरिन हृदयाला घातक वाटले आणि त्यांनी ते बाजूला सारले. १८९८ मध्ये खोकल्याचे औषध म्हणून बाजारात आले ते हेरॉइन. अ‍ॅस्पिरिनला १८९९ उजाडावे लागले. दुष्परिणाम ओळखण्यात तज्ज्ञांचा अंदाज किती चुकू शकतो, याचे याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही.

५/ अ‍ॅस्पिरिन बासनात गेले नाही, याचे श्रेय त्याच कंपनीतील आर्थर आयशेनग्र्युन यांनी स्वतःकडे घेतले. ड्रेझर यांना डावलून आपण त्याच्या चाचण्या घडवल्या, किंबहुना हॉफमनने आपल्याच सूचनेनुसार काम केले, असे त्यांनी १९४९ मध्ये लिहिले. ते ज्यू होते आणि तेरेझिनच्या छळछावणीतून वाचले होते. वडिलांची ती हृद्य कथा छापून आली १९३४ मध्ये, म्हणजे नाझी राजवटीत. कंपनीला आयशेनग्र्युन यांचा दावा मान्य नाही. मला मात्र १९३४ हे साल पाहून ती कथा जशीच्या तशी स्वीकारवत नाही.

६/ गोळी काम कशी करते, हे कळायला १९७१ साल उजाडले. अ‍ॅस्पिरिन एका विकराला निकामी करते, त्यामुळे प्रोस्टाग्लँडिन हे द्रव्य तयार होत नाही, हे जॉन व्हेन यांनी दाखवले (१९८२ च्या नोबेल पुरस्कारात ते सहमानकरी होते). प्रोस्टाग्लँडिनमुळे वेदना, ताप आणि सूज वाढते. पण जठराच्या अस्तराचे आम्लापासून रक्षणही तेच करते. डोके थांबवणारी आणि पोट जाळणारी क्रिया एकच. ‘मुख्य’ कोणती आणि ‘दुष्’ कोणती, हे रेणू ठरवत नाही, आपण ठरवतो.

७/ आणि आपण ते बदलतोही. कॅलिफोर्नियातील डॉक्टर लॉरेन्स क्रेव्हन यांना दिसले, की टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर अ‍ॅस्पिरिनयुक्त च्युइंगम चघळणाऱ्यांना फार रक्तस्राव होतो. रक्त गोठणे मंदावत असेल, तर हृदयविकाराचा झटका टळेल का? १९५० पासून त्यांनी यावर लेख लिहिले. फारसे कोणी लक्ष दिले नाही. आज झटका येऊन गेलेल्यांना कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन दिली जाते, ती याच ‘दुष्परिणामा’साठी. प्लेटलेटला केंद्रक नसल्याने तिला नवा विकर बनवता येत नाही. म्हणून एका गोळीचा परिणाम तिच्या आठ-दहा दिवसांच्या आयुष्यभर टिकतो.

८/ किंमत मोजली ती मुलांनी. फ्लू किंवा कांजिण्यांत अ‍ॅस्पिरिन दिलेल्या काही मुलांच्या यकृताला आणि मेंदूला प्राणघातक इजा होई: राय सिंड्रोम. अमेरिकेत १९८० मध्ये ५५५ रुग्णांची नोंद झाली. इशारे दिल्यावर १९८७ पासूनच्या कोणत्याही वर्षात ती ३६ च्या वर गेली नाही. औषध बाजारात येऊन तोवर ८० वर्षे उलटली होती.

९/ आपल्याकडे पावसाळ्यात डेंग्यूची शंका असताना डॉक्टर अ‍ॅस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन टाळून पॅरासिटामॉल देतात, त्यामागे क्रेव्हन यांना दिसलेला तोच रक्तस्राव आहे. पुढचा थ्रेड सिंकोना आणि क्विनीनवर.