हिचकॉक घडला तो लंडनमध्येच

आल्फ्रेड हिचकॉक म्हटलं की लोकांना आधी 'सायको'मधली न्हाणीघरातला खून आठवतो. पण या माणसाचा हात बसला तो हॉलिवूडमध्ये नव्हे, लंडनमध्ये.

१९२९चा 'ब्लॅकमेल' पाहा. ब्रिटनच्या अगदी सुरुवातीच्या बोलपटांपैकी हा एक. आदल्या रात्री अब्रू वाचवताना नायिकेच्या हातून सुरीने खून झालाय. सकाळी न्याहारीच्या वेळी शेजारीण त्याच खुनाबद्दल तोंड चालवतेय. हळूहळू तिची बडबड पुसट होते आणि 'सुरी' हा एकच शब्द पोरीच्या कानावर आदळत राहतो. वडील पाव कापायला सांगतात, तोच सुरी हातातून उडते! पडद्याला नुकता कुठे कंठ फुटला होता, आणि हा गडी आवाजानेच घाम फोडत होता.

लेटनस्टोनच्या भाजीवाल्याचा हा मुलगा 'द थर्टीनाइन स्टेप्स' (१९३५), 'द लेडी व्हॅनिशेस' (१९३८) असे थरारपट करून १९३९मध्ये अमेरिकेला गेला. तिथला पहिलाच 'रिबेका' सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. ऑस्करची बाहुली मात्र निर्माते सेल्झनिक यांच्या घरी गेली. दिग्दर्शनासाठी हिचकॉकला पाच नामांकनं मिळाली, पुरस्कार एकदाही नाही.