मोटार विकत मिळते, रस्ता मिळत नाही

मुंबईच्या उपनगरांची घडी एके काळी लोकलच्या वेळापत्रकावर बसलेली होती. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड येथील संसार त्या वेळापत्रकाच्या आधाराने उभे राहिले आणि मोटार ही वस्तू सर्वसामान्य चाकरमान्याच्या विचारकक्षेतच नव्हती. आज त्याच उपनगरांत अनेक मजली वाहनतळ असलेले मनोरे उभे आहेत आणि त्या वाहनतळांवर जर्मन व ब्रिटिश नावांच्या आलिशान मोटारी विसावलेल्या दिसतात. राज्य सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये मुंबई-पुण्यासारख्या शहरांत मोटारीच्या ०००१ या मानाच्या क्रमांकाचे शुल्क सहा लाख रुपये केले. नुसत्या चार आकड्यांचे हे मोल पाहिले म्हणजे हौसेची मजल कोठवर गेली आहे, ते ध्यानात येते.

या हौसेला अलीकडे एक नवी शाखा फुटली आहे. विमानाने परदेशी जाण्याचे अप्रूप राहिले नाही. तेव्हा आपलीच मोटार, आपलेच कुटुंब आणि घरापासून थेट परदेशापर्यंतचा रस्ता, असा बेत आखला जातो. २०१७ साली मुंबईतील एका सत्तरी ओलांडलेल्या व्यावसायिकाने पत्नी व नातीसह असा प्रवास करून लंडन गाठले. ७२ दिवस, १९ देश आणि सुमारे २२ हजार किलोमीटर असा तो प्रवास होता. त्यामागील जिद्दीचे कौतुक वृत्तपत्रांनी केले, आणि ते योग्यच होते. परंतु अशा प्रवासाकडे केवळ धनिकांची चैन म्हणून पाहणे किंवा केवळ साहस म्हणून टाळ्या वाजविणे, हे दोन्ही अपुरे आहे. कारण मोटार खरेदी करणे ही खासगी बाब असली, तरी ती सीमेपलीकडे नेणे ही पूर्णपणे सार्वजनिक बाब आहे. तेथे पैसा थांबतो आणि राज्यसंस्थेचा शब्द सुरू होतो.

मोटारीच्या खरेदीपुरते पाहिले तर परिस्थिती आमूलाग्र बदलली आहे. कुर्ल्याच्या प्रीमिअर ऑटोमोबाईल्सच्या कारखान्यातून फियाट आणि पुढे पद्मिनी बाहेर पडत असे, त्या काळी पैसे भरूनही ग्राहकाला वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. आज मर्सिडीझ चाकणला जोडली जाते, ऑडी छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या मोटारींवरील वस्तू व सेवा कर ४० टक्के झाला. त्यापूर्वी कर आणि अधिभार मिळून हा बोजा ५० टक्क्यांपर्यंत जात असे. पूर्ण बांधणीच्या परदेशी मोटारीवर २०२५ च्या अर्थसंकल्पानंतरही, किंमत ४० हजार डॉलरहून अधिक असल्यास, सीमाशुल्क व अधिभार मिळून ११० टक्के आकारणी होतीच. पण जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी झालेल्या व्यापार करारात, ठराविक संख्येच्या मर्यादेत, हे शुल्क टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांवर आणण्याचे मान्य झाले. परकीय चलनाचीही ददात उरलेली नाही. एके काळी परदेशी जाणाऱ्याच्या हाती मोजके डॉलर पडत. आता रिझर्व्ह बँकेच्या योजनेनुसार एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर नेता येते. थोडक्यात, लंडनची मोटार मुलुंडला यावी यासाठी सरकारांनी वाटाघाटी केल्या, करारावर सह्या केल्या. मुलुंडची मोटार लंडनला जावी यासाठी मात्र रस्ता उरलेला नाही.

यातील विसंगती अशी, की जेव्हा मोटार दुर्मिळ होती तेव्हा रस्ता खुला होता. कुर्ला, घाटकोपर आणि मुलुंडमधून जाणाऱ्या लालबहादूर शास्त्री मार्गाचे जुने नाव आग्रा रोड. हा रस्ता पुढे ठाणे, नाशिक, इंदूर करीत उत्तरेकडे जातो, आणि तेथून पंजाब, लाहोर, काबूल, तेहरान, इस्तंबूल असा युरोपपर्यंतचा मार्ग एके काळी अखंड होता. ऑक्टोबर १९२३ मध्ये मुंबईचे काही पारशी तरुण सायकलवरून जगप्रवासाला निघाले आणि त्यांच्यापैकी तिघे १९२८ साली पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून परतले. त्यांच्याजवळ आलिशान वाहन नव्हते. मार्ग मात्र होता. फाळणीनंतरही तो लगेच तुटला नाही. एप्रिल १९५७ मध्ये लंडनहून निघालेली प्रवासी बस जूनमध्ये कलकत्त्यास पोहोचली. नोव्हेंबर १९६८ मध्ये लंडनहून सिडनीकडे ९८ मोटारींची शर्यत सुरू झाली. तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान ओलांडून मोटारी दिल्लीमार्गे मुंबई बंदरात आल्या आणि तेथून त्यांना ‘चुसान’ या जहाजाने ऑस्ट्रेलियास नेण्यात आले. युरोप व मुंबई यांमधील अंतर त्या वेळी चाकांवर आठवडाभराचे होते.

१९७९ साली इराणमध्ये क्रांती झाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. तेव्हापासून हा पश्चिमेचा रस्ता आकसत गेला. भारत-पाकिस्तान संबंध जसे बिघडत गेले तसे वाघ्याचे फाटक कधी किलकिले, कधी बंद राहिले. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हत्याकांडानंतर अटारीचे तपासणी नाके बंद करण्याचा निर्णय भारताने घेतला. दहशतवादी हल्ल्यानंतर कोणत्याही सरकारला कठोर पाऊल उचलणे भागच होते, याविषयी दुमत होणार नाही. परंतु त्याचा भौगोलिक परिणामही नोंदवून ठेवला पाहिजे.

पश्चिमेचा मार्ग गेल्यावर साहसी प्रवाशांनी पूर्वेचा धरला. २०१७ चा लंडनप्रवास इम्फाळमार्गे म्यानमार, थायलंड, लाओस, चीन, मध्य आशिया आणि रशिया असा उलट्या दिशेने झाला, तो याचमुळे. म्हणजे पश्चिमेला जाण्यासाठी आधी पूर्वेला जायचे! पण तोही मार्ग फार काळ टिकला नाही. १ फेब्रुवारी २०२१ रोजी म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता बळकावली आणि देशात यादवी पेटली. मे २०२३ मध्ये मणिपूर स्वतःच पेटले. राहिली नेपाळ-तिबेटची वाट. तेथे जुलै २०२५ मधील पुराने रसुवागढीचा नेपाळ-चीन मैत्रीपूल वाहून नेला. चीनमध्ये परकी मोटार न्यायची तर आगाऊ परवानगी, स्थानिक वाटाड्या आणि तात्पुरता वाहनपरवाना लागतो तो वेगळाच. साहजिकच आता बहुतेकांपुढे जहाजाचा पर्याय उरतो. २०२३ साली अहमदाबादचे एक कुटुंब १९५० सालच्या मोटारीतून लंडनला गेले, तेव्हा ती मोटार मुंबईहून समुद्रमार्गे दुबईस धाडावी लागली. खुष्कीच्या मार्गाने शेजार ओलांडता येत नाही, म्हणून समुद्राला वळसा घालायचा, असा हा प्रकार आहे.

मोटार सीमेवर आली की तिची किंमत दुय्यम ठरते, हे समजून घ्यायचे असेल तर ‘कार्ने’ या दस्तऐवजाकडे पाहावे. परदेशी मोटार नेणाऱ्याला इराणसारख्या देशांसाठी हे पुस्तक बाळगावे लागते. भारतात ते देणाऱ्या संस्थांत मुंबईची, १९१९ साली स्थापन झालेली वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन आहे. पुस्तकाच्या प्रत्येक पानाचे तीन भाग असतात. एक भाग देशात शिरताना सीमाशुल्क अधिकारी काढून घेतो, दुसरा देश सोडताना. तिसरा दोन्ही शिक्क्यांसह मालकाजवळ राहतो. मोटार परदेशात विकली जाणार नाही, ती परत येईल, या वचनापोटी बँकेची हमी द्यावी लागते, आणि मोटार जितकी महाग तितकी ती हमी मोठी. सीमेवरच्या अधिकाऱ्याला मोटारीची चामड्याची आसने दिसत नाहीत. त्याला शिक्का दिसतो. त्या शिक्क्यामागे दोन देशांचा परस्परांवरील विश्वास उभा असतो. तो विश्वास आटला की पुस्तक निरुपयोगी आणि मोटारही निरुपयोगी.

एखाद्या श्रीमंत कुटुंबाची सहल अडली तर राष्ट्राचे काय बिघडले, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर सहलीच्या पलीकडे आहे. ज्या फाटकापाशी आलिशान मोटार अडते, त्याच फाटकापाशी मालमोटारही अडते. बांगलादेश हा भारतीय कांद्याचा मोठा ग्राहक राहिला आहे. नाशिक जिल्ह्यातला कांदा हजारो किलोमीटरवरील सीमेपर्यंत जातो आणि पलीकडे गेल्यावर दुसऱ्या वाहनात भरावा लागतो. हा त्रास वाचावा, एका देशाचे वाहन दुसऱ्या देशात सरळ जावे, म्हणून बांगलादेश, भूतान, भारत व नेपाळ यांनी १५ जून २०१५ रोजी थिंफू येथे मोटारवाहन करार केला. पुढे भूतानच्या वरिष्ठ सभागृहाने त्यास मान्यता नाकारली. छोट्या, डोंगराळ देशाला बाहेरच्या वाहनांच्या लोंढ्याची भीती वाटावी, हे अस्वाभाविक नव्हते. मोऱ्हेपासून म्यानमारमधून थायलंडला जाणारा १,३६० किलोमीटरचा त्रिराष्ट्रीय महामार्ग २००२ पासून चर्चेत आहे; तोही अद्याप पुरा झालेला नाही. धनिकाची मोटार जहाजात चढू शकते आणि धनिक स्वतः विमानात. कांदा मात्र सीमेवर सडतो, आणि अटारीच्या हमालाची मजुरी बुडते. बंद रस्त्याची खरी किंमत कोण मोजतो, ते येथे दिसते.

हाच न्याय घराच्या उंबरठ्यापाशीही लागू पडतो. अंधेरी पूर्व-पश्चिम जोडणाऱ्या गोखले पुलाचा पादचारी भाग ३ जुलै २०१८ रोजी कोसळला आणि दोघांचे प्राण गेले. नोव्हेंबर २०२२ मध्ये पूल वाहतुकीस बंद झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याची एक बाजू खुली झाली, तेव्हा शेजारच्या बर्फीवाला पुलाशी तिची पातळीच जुळत नसल्याचे उघड झाले. पूर्ण पूल वापरात येण्यास मे २०२५ उजाडला. मुंबई ते लंडन हे अंतर ७२ दिवसांत कापले गेले होते; अंधेरी पूर्व ते अंधेरी पश्चिम या वाटेला अडीच वर्षे लागली. या अडीच वर्षांत आलिशान मोटारीचा मालक आणि तिच्यामागे अडकलेल्या बसचा प्रवासी एकाच कोंडीत होते. फरक इतकाच, की एकाच्या मोटारीत वातानुकूलन होते.

रस्ता सार्वजनिक असेल तर त्याचा भार कोणी उचलावा, याविषयीही धोरणाची दिशा तपासून पाहिली पाहिजे. ऑक्टोबर २०२४ मध्ये, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, मुलुंड, दहिसर, ऐरोली व वाशी येथील मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना पथकर माफ झाला. जुन्या लहान मोटारीबरोबर कोटीच्या मोटारीलाही ही माफी मिळाली. पुढे मे २०२५ मध्ये ‘बेस्ट’चे किमान भाडे पाच रुपयांवरून दहा रुपये झाले. दोन निर्णय वेगवेगळ्या संस्थांचे, त्यांची कारणेही वेगळी, हे मान्य केले तरी उपनगरातील कारकुनाने आणि शिक्षकाने यातून काय अर्थ घ्यावा? मोटारवाल्याचा रस्ता स्वस्त आणि बसवाल्याचा महाग, असाच अर्थ तो घेईल.

येथे मोटारमालकाविषयी मत्सर बाळगण्याचे कारण नाही. तो नोंदणीच्या वेळी राज्याला भरघोस कर देतो. २० लाखांवरील पेट्रोल मोटारीला हा कर १३ टक्के आहे, आणि त्याची कमाल मर्यादा जुलै २०२५ पासून ३० लाख रुपये झाली आहे. परिश्रमाने मिळविलेल्या पैशातून कुणी कुटुंबाला जग दाखवू म्हटले, तर त्यात गैर काहीच नाही. किंबहुना नकाशावरचे देश स्वतःच्या डोळ्यांनी पाहणारी मुले अधिक उदार मनाची होतील, अशी आशाच धरावी. आक्षेप आहे तो एका समजुतीला. खासगी संपत्ती वाढली की सार्वजनिक व्यवस्थेची गरज कमी होते, ही ती समजूत. शाळा नको, खासगी शाळा आहे. रुग्णालय नको, खासगी रुग्णालय आहे. बस नको, मोटार आहे, अशी ही विचारसरणी उपनगरांतील नवश्रीमंत वर्गात रुजली आहे. मोटार परदेशी नेण्याच्या खटाटोपात तिचा फोलपणा जितका स्पष्ट होतो तितका अन्यत्र क्वचितच होतो. पूल विकत घेता येत नाही, आणि शेजारी देशाचा विश्वासही घेता येत नाही.

बंद झालेले रस्ते पुन्हा खुले होऊ शकतात, याचाही दाखला अलीकडचाच आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये भारत व चीन यांच्यात सीमेवरील गस्तीविषयी समझोता झाला आणि पाच वर्षे थांबलेली कैलास-मानसरोवर यात्रा २०२५ च्या उन्हाळ्यात पुन्हा सुरू झाली. राजनैतिक कष्टांनी एवढे साधते. तेव्हा थिंफू कराराचा पाठपुरावा, त्रिराष्ट्रीय महामार्गाची पूर्तता, गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचे वेळेत बांधकाम आणि ‘बेस्ट’ला पुरेशा बसगाड्या, या मागण्या वरकरणी वेगळ्या भासल्या तरी त्या एकाच जातीच्या आहेत. त्या मागण्या मोटार असणाऱ्याने आणि नसणाऱ्याने मिळून करावयाच्या आहेत. आग्रा रोडचे नाव बदलले, तो मात्र जागेवरच आहे. तो कोठपर्यंत पोहोचावा, हे ठरविण्याचे काम मोटारींच्या दुकानात व्हावयाचे नाही.