मास्टरिंगमध्ये गाण्याचा आवाज चढवूनही फायदा का होत नाही?

घरच्या लॅपटॉपवर रेकॉर्ड केलेलं गाणं काही मिनिटांत ‘मास्टर’ करून देणाऱ्या सेवा आता सहज मिळतात. माँट्रियलच्या ‘लँडर’ने २०१४ मध्ये ऑनलाइन ऑटोमॅटिक मास्टरिंग सुरू केलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये ॲपलने लॉजिक प्रो या सॉफ्टवेअरमध्येच ‘मास्टरिंग असिस्टंट’ दिला. स्टुडिओचं भाडं न परवडणाऱ्या कलाकारांसाठी ही मोठीच सोय आहे. पण या साधनांमध्ये नवखा माणूस सगळ्यात आधी हात घालतो तो आवाज वाढवण्याच्या कंट्रोलला. आणि नेमकी तीच मेहनत आज बरीचशी वाया जाते.

मास्टरिंग म्हणजे नेमकं काय?

मिक्सिंगमध्ये गायकाचा आवाज, तबला, गिटार, कीबोर्ड असे वेगवेगळे ट्रॅक एकमेकांशी जुळवले जातात. त्यातून तयार झालेल्या एका स्टिरिओ फाइलवर शेवटचा हात फिरवणं म्हणजे मास्टरिंग. इथे गायकाचा आवाज वेगळा काढून वाढवता येत नाही. जे होईल ते सगळ्या गाण्याला होतं.

कंट्रोल मोजकेच असतात. इक्वलायझरने बास, मधले सूर आणि ट्रेबल कमी-जास्त करता येतात. मास्टरिंगमध्ये हे बदल सहसा एक-दोन डेसिबलचेच असतात. सहा डेसिबल वाढवावे लागत असतील तर गाणं परत मिक्सिंगला पाठवणं बरं. कॉम्प्रेसर आवाजातला चढ-उतार कमी करतो. ‘थ्रेशोल्ड’ म्हणजे किती आवाजाच्या वर तो काम सुरू करेल, ‘रेशो’ म्हणजे किती दाबेल, ‘अटॅक’ म्हणजे किती लवकर दाबेल आणि ‘रिलीज’ म्हणजे किती वेळात सोडेल. यातला अटॅक फसवा आहे. हलगीवर काडी पडते तेव्हा पहिल्या काही मिलिसेकंदांतच तिचा कडकडाट असतो. अटॅक फार वेगवान ठेवला तर तो कडकडाटच दाबला जातो आणि हलगी पुठ्ठ्यावर थाप मारल्यासारखी वाजते.

शेवटी येतो लिमिटर. डिजिटल आवाजाला एक पक्कं छत असतं, शून्य डेसिबल. त्याच्या वर काहीच नोंदवता येत नाही, आवाज फाटतो. लिमिटर ठरवलेल्या मर्यादेपुढे आवाज जाऊ देत नाही. मग छत तेवढंच ठेवून खालचं सगळं वर ढकलता येतं. गाणं मोठं वाटतं, पण हळू आणि जोरकस भागांमधलं अंतर संपतं.

मग सगळे आवाज का चढवत होते?

कारण कान फसतो. बेल लॅब्जच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिलं होतं की हळू आवाजात आपल्याला बास आणि ट्रेबल तुलनेने कमी ऐकू येतात. त्यामुळे तेच गाणं थोडं मोठ्याने लावलं की भरीव वाटतं. रेडिओवर किंवा सीडी चेंजरमध्ये आपलं गाणं शेजारच्या गाण्यापेक्षा दबकं वाटू नये, म्हणून नव्वदच्या दशकापासून कंपन्यांमध्ये चढाओढ लागली. तिला ‘लाउडनेस वॉर’ हे नाव पडलं.

तिचा कळस सप्टेंबर २००८ मध्ये झाला. मेटालिकाचा ‘डेथ मॅग्नेटिक’ अल्बम आला आणि सीडीवरचा आवाज फाटतोय, अशी तक्रार खुद्द चाहत्यांनीच केली. ‘गिटार हिरो’ या व्हिडिओ गेममध्ये तीच गाणी कितीतरी मोकळी ऐकू येत होती. अल्बम पुन्हा करा, अशा ऑनलाइन मागणीवर हजारो सह्या झाल्या. मास्टरिंग करणारे टेड जेन्सन यांनी मात्र मिक्स आपल्याकडे आले तेव्हाच ते चेपलेले होते, असं सांगितलं. शेवटच्या टप्प्याला अख्ख्या साखळीचा दोष पत्करावा लागतो, तो असा.

आता काय बदललं?

मोजमाप बदललं. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने २००६ मध्ये ‘बीएस.१७७०’ हे मानक आणलं. आवाजाची शिखरं मोजण्याऐवजी कानाला एकूण किती मोठं वाटतं, ते यात मोजतात. या मोजमापाचं एकक एलयूएफएस. टीव्हीवरच्या कार्यक्रमांचा आणि जाहिरातींचा आवाज आटोक्यात आणण्यासाठी ते वापरात आलं आणि पुढे स्ट्रीमिंगवालेही त्याच मार्गाने गेले. स्पॉटिफाय साधारण उणे १४ एलयूएफएसला गाणी वाजवतो, यूट्यूबची पातळीही त्याच्याच आसपास आहे, तर ॲपल म्युझिकचं ‘साउंड चेक’ उणे १६ च्या जवळ.

आता गणित बघा. एका कलाकाराने लिमिटर चेपून गाणं उणे ८ पर्यंत नेलं. दुसऱ्याने उणे १४ वर थांबवलं. स्पॉटिफाय पहिलं गाणं ६ डेसिबलने खाली आणतो. दोन्ही सारख्याच पातळीवर वाजतात. फरक एवढाच, की दुसऱ्याच्या ठोक्यांना उसळायला जागा उरते आणि पहिल्याचे आधीच सपाट झालेले असतात. आवाज परत मिळाला नाही आणि जोर मात्र गेला.

याचा अर्थ प्रत्येक गाणं उणे १४ वरच बसवलं पाहिजे, असा नाही. हेवी मेटल किंवा नाचाचं गाणं दाबलेलं असण्यातही एक चव असते आणि ती हवी असेल तर जरूर घ्यावी. पळवाटाही आहेत. स्पॉटिफायच्या वेब प्लेअरवर आणि काही स्मार्ट स्पीकर किंवा टीव्हींवर ही समपातळी लागू होत नाही. श्रोत्याला ती बंदही करता येते. म्हणूनच बऱ्याच मोठ्या गाण्यांचे मास्टर आजही चढेच असतात. छताशी मात्र थोडी जागा सोडावी लागते. एमपी३सारख्या स्वरूपात रूपांतर होताना शिखरं किंचित वर सरकतात, त्यामुळे स्पॉटिफाय शिखर उणे १ डेसिबलखाली आणि गाणं उणे १४ पेक्षा मोठं असेल तर उणे २ खाली ठेवायला सांगतो.

ऑटोमॅटिक सेवांवर कितपत भिसावं?

पातळी, शिखरं, बास-ट्रेबलचा तोल ही मोजता येणारी कामं त्या नीट करतात. पण ‘दुसऱ्या कडव्यात गायकाचा आवाज दबलाय, मिक्स परत कर’ हा सल्ला माणूस देतो. निदान एक चाचणी तरी करावी: मास्टर केलेली फाइल मूळ मिक्सच्याच पातळीवर आणून दोन्ही आलटून पालटून ऐकायच्या. अनेकदा ‘सुधारणा’ म्हणून जे वाटलं होतं, ते फक्त वाढलेला आवाज असतो.

नव्या डॉल्बी ॲटमॉस स्वरूपात तर हा वाद दारातच मिटवला आहे. जून २०२१ पासून ॲपल म्युझिकवर ॲटमॉस गाणी मिळतात आणि अशी फाइल उणे १८ एलयूएफएसपेक्षा मोठी नसावी, अशी कंपनीची अटच आहे.